मोहरीएवढी

आंघोळीआधी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहायचं आणि श्वास रोखायचा, हा हेमलताबाईंचा नऊ वर्षांचा नेम. आरसा पोटाच्या आतलं बघायचा आणि माणसांना समजावं म्हणून स्वयंपाकघरातल्या मापात सांगायचा, "गाठ खसखशीएवढी. कालच्याइतकीच."

गाठ दिसत होती, पण एवढ्याशा गाठीवर औषध लागू पडत नव्हतं. "मोहरीएवढी झाली की लगेच या, एक दिवसही उशीर नको," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आरसा भिंतीत पक्का बसवलेला, म्हणून हेमलताबाईही घरात पक्क्या. लेकीच्या बाळंतपणालासुद्धा त्या नागपूरला गेल्या नाहीत. दिगंबररावांनी, त्यांच्या नवऱ्यानं, घरात मोहरी आणणंच बंद केलं होतं; फोडणीला नुसतं जिरं.

आज आरसा म्हणाला, "गाठ मोहरीएवढी."

"काय म्हणाला?" दिगंबररावांनी रोजच्यासारखं दाराबाहेरून विचारलं.

"झाली एकदाची," हेमलताबाई म्हणाल्या. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांचा आवाज असाच निघाला होता.

"सुटलो," दिगंबरराव बोलून गेले.

मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच दार उघडलं नाही.