उंबऱ्याबाहेरची भेट

“नवघरची केस मला द्या,” शुभदा म्हणाली.

नीरजने मान वर केली. वसुलीच्या त्या ऑफिसात तो साहेब, आणि ही नुकतीच लागलेली. “शैक्षणिक कर्जाची आहे. मुलीचे तीन हप्ते थकलेत, नंबर बंद. शिवाला पाठवतो ना.”

“शिवा नको. मीच जाते.”

शिवाची ख्याती सगळ्यांना ठाऊक होती. गेल्या आठवड्यात हाटकेश भागातल्या एका इमारतीत त्याने असा काही आवाज लावला की अख्ख्या मजल्याची दारं उघडली. कर्जदाराच्या म्हाताऱ्या आईने मग दोन दिवस घराबाहेर तोंड काढलं नाही. या घरी तसं होऊ द्यायचं नाही, हे शुभदाने मनाशी पक्कं केलं होतं.

लिफ्ट बंद होती. ती जिने चढून गेली आणि दारापाशी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. त्यावरचं नाव तिला अजून परकंच वाटायचं. लग्नात सासूबाईंनी हौसेने तांदळात लिहून घेतलेलं. मग तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. प्रत्येक भेट रेकॉर्ड करून ऑफिसला पाठवायची, उंबरा ओलांडायचा नाही, घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असे नियम होते.

दार काशीनाथांनी उघडलं. मुलीच्या कर्जावर वडील म्हणून सही त्यांचीच होती.

“काका, भेटीचं रेकॉर्डिंग होतंय. मुलीचे तीन हप्ते थकलेत.”

“माहितीय, मॅडम.” त्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. परळ सोडून ते इथे नुकतेच आले होते. शेजाऱ्यांशी पहिली ओळख वसुलीवाल्यांमुळे व्हावी, असं कुणाला वाटेल? शुभदानेही आवाज खाली आणला.

“मुलगी कुठं असते?”

“सासरी. नोकरी गेली होती तिची. आता दुसरी लागलीय, पण उन्हातान्हात वणवण आहे.”

शुभदाने ओढणीने घाम टिपला. “राग येत नाही तिचा? शिकली ती, आणि ताप तुम्हाला.”

“राग कसला? शिकायचं म्हणाली, मी सही केली. उद्याही करीन.”

तिला भरून आलं. पण काम अर्धवट टाकून ती परतणार नव्हती.

“बँकेकडून हप्ता कमी करून घेता येतो. मुदत वाढेल, व्याजही जास्त जाईल. अर्ज मुलीने करायचा, पण तुमची संमती लागेल. देताय?”

“देतो. आणि ती भरेल. यापुढे एकही हप्ता चुकणार नाही.”

“खात्री आहे?”

“तुम्हाला नाही?”

शुभदाने मोबाइल तोंडाजवळ धरला.

“आहे,” ती ठामपणे म्हणाली. “मग या दारात पुन्हा कुणी येणार नाही, काका.”

तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. काशीनाथांनी दार सताड उघडलं.

“झालं ना बंद? मग चप्पल काढ, इशिता. आई मघापासून ताट वाढून बसलीय.”