पलीकडचा काठ

शालिग्राम नावाचा खेळाडू आजही आला, आणि आजही त्याने होडी थेट तिथे नेली जिथे चित्र संपत होतं.

अंतरा स्क्रीनजवळ सरकली. शहरातल्या नेपियर टाउन वस्तीतल्या या खोलीत ती आणि तिचा भागीदार वेदांत नर्मदेवरचा हा ऑनलाइन खेळ बनवत होते. खेळ अर्धाच झाला होता. चुका कळाव्यात म्हणून लोकांना आत सोडलं होतं. लोक यायचे, लढाई कुठे आहे ते विचारायचे आणि वैतागून निघून जायचे. शालिग्रामची कसलीच तक्रार नव्हती. ग्वारीघाटावरून निघायचा, प्रवाहाच्या उलट वर जायचा आणि पलीकडचा काठ जिथे यायचा होता, त्या कोऱ्या जागेसमोर थांबून राहायचा.

"कोणत्या तरी कंपनीचा माणूस आहे," वेदांत म्हणाला. "आपल्या कामावर नजर ठेवून राहिला. काढून टाक त्याला."

"आधी बघू तर दे, कोण आहे ते."

दुर्वा असं खोटं नाव घेऊन ती खेळात शिरली आणि आपली होडी त्याच्या होडीला लावली.

"भैया, यहाँ क्या है?" तिने लिहिलं.

उत्तर सावकाश उमटलं. "दुर्वा म्हणजे मराठी ना? वाट पाहून राहिलो. समोरचा काठ लवकरच येणार, असं लिहिलंय या खेळवाल्यांनी."

"बघ! पुढे काय येणार त्यावरच नजर आहे," वेदांत म्हणाला.

"तिथे काय येणार, तुम्हाला माहीत आहे?" अंतराने विचारलं.

"आमचं गाव. धरणात गेलं ते. यांनी घाटाच्या पायऱ्या इतक्या बरोबर बनवल्या, मग गाव काहून सोडतील?"

अंतराने वेदांतकडे पाहिलं. त्या काठावर राक्षसांचा किल्ला यायचा होता. त्याची चित्रंही तयार होती.

"गोष्ट रचून राहिला," वेदांत म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "घराचं विचार. खोटा असेल तर अडकेल."

"तुमचं घर गावात कुठे होतं, काका? आजूबाजूला काय होतं? नीट सांगा ना."

पडद्यावर उलट प्रश्नच उमटला.

"तू काहून विचारून राहिली?"

"सहज."

"मागेही धरणाच्या मोजणीला एक बाई अशाच गोड बोलत आल्या होत्या. घर कुठवर, विहीर कुठे, झाडं कोणाची, सगळं विचारलं. आईने त्यांना चहा पाजला. जाताना त्यांनी भिंतीवर खडूने आकडा लिहिला. मग पाणी आलं."

अंतराची बोटं घाईघाईने चालू लागली. 'काका, मी दुर्वा नाही, अंतरा. हा खेळ आमचाच आहे. तुम्ही सांगाल तसं आम्ही...'

वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची होडी पडद्यावरून नाहीशी झाली.

वेदांतने हळूच विचारलं, "खरा होता का गं तो?"

"खरे आपण नव्हतो," अंतरा म्हणाली.