बिल्टीवरची भुतं

वाडीच्या गोदामात ट्रकवर नावं रंगवणाऱ्या श्रीधरनं मालाच्या पावत्यांवर, पाठकोऱ्या बिल्ट्यांवर, भुताच्या घराची चित्रकथा काढली होती. बळीराम पोत्यावर बसून ती वाचत होता. घरातली दोन्ही भुतं बाप्येच. एका ताटात जेवणारी, एका पांघरुणात झोपणारी. भाडेकरू आला की दोघं मिळून त्याला पळवून लावत. एकाच्या हनुवटीवर तर थेट बळीरामचाच तीळ! तो पोट धरून हसला.

"झकास काढलं गा! पण यात भेव कुठी वाटते?"

"शेवटचं पान पाह्य," श्रीधर म्हणाला.

शेवटच्या पानावर तीळवालं भूत बाशिंग बांधून दाराबाहेर चाललं होतं, आणि दुसरं त्या रिकाम्या घराला भिऊन कोपऱ्यात बसलं होतं.

श्रीधरला द्यायला आणलेली लग्नपत्रिका अजून बळीरामच्या खिशातच होती.