पाहुण्याला आधी

"घ्या, जावईबापू," म्हणत हाम्बोकमामांनी सुपारीची पहिली फोड शेमफांगच्या हातावर ठेवली. कुळाच्या अस्थी ठेवायच्या दगडी घराशी सगळे जमले की मामा हे न चुकता करत. सुपारी वाटायची घरच्या माणसानं आणि द्यायची पाहुण्याला आधी. शेमफांग हसून ती तोंडात टाकी. त्याची बायको फिडाली, म्हणजे मामांची भाची, दुसरीकडे बघे. केस पिकले, नातवंडं झाली, तरी तिचा नवरा पाहुणाच.

आमच्या खासी डोंगरांत कूळ आईचं. जावई कितीही गुणाचा असला तरी लोकाचं लेकरू. जगायचं बायकोच्या घरी, पण चितेतल्या अस्थी जायच्या स्वतःच्या आईच्या कुळात. शेमफांगच्या कुळात आता कुणी बाई उरली नव्हती. धाकटी बहीण मुलीवाचून गेली आणि त्यांचं दगडी घर चुन्याच्या खाणीनं खाल्लं. तो म्हणायचा, माझी हाडं बटाट्याच्या वाफ्यात टाका, पीक तरी चांगलं येईल. फिडालीला त्याचं हसू येत नसे. ज्याला दगड नाही तो वाऱ्यावर भटकतो, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आपण जिथे जाणार तिथे हा नसेल, या विचारानं ती कासावीस व्हायची.

त्याच्या अस्थी आपल्याच दगडाखाली ठेवू द्या, असा तिनं मामांकडे शब्द टाकला होता. मामा म्हणाले, नाही. या दगडाखाली पहिल्यापासून एकाच आईचं रक्त आहे.

तेवढ्यात शिलाँगहून इबानरी आली. जुन्या दातांतून रक्ताची नाती शोधणं हे तिचं काम. मेलेल्यांसाठी दगडी घरं बांधायची चाल या डोंगरांत कशी पसरली, हे तिला हवं होतं. बाहेरून आलेल्या माणसांनी ती आणली, की एकमेकांचं बघून लोक शिकले? दगड उघडू द्यावा का, याचा मामांनी अंडं फोडून कौल घेतला. टरफलं बरी पडली. वरच्या अस्थी जळलेल्या, त्यांतून काही निघणार नव्हतं. अगदी तळाला मात्र न जाळता पुरलेली माणसं होती. त्यांचे दात तिनं नेले. मामा फिडालीला म्हणाले, दात सांगतील ते मला मान्य, पण मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आज इबानरी दातांचं म्हणणं घेऊन आली होती. सगळे एकाच आईचे, तिनं सांगितलं, आजीपासून पणतीपर्यंत. मामांची मान ताठ झाली. फिडालीनं खांद्यावरच्या कापडाची गाठ उगाचच घट्ट केली.

"एक सोडून," इबानरी म्हणाली.

तो सगळ्यात जुना, सगळ्यात खालचा. पुरुष. त्याच्या आईचे लोक पूर्वेकडच्या दूरच्या डोंगरांतले. तिकडे अशी दगडी घरं याच्या कितीतरी आधीपासून होती. त्याच्या शेजारी या कुळाची बाई होती आणि त्यांच्या वर तिच्या मुली. मुली त्याच्याच.

"ही चाल तोच घेऊन आला असं दिसतंय, मामा," ती म्हणाली. "हा दगड पहिल्यांदा त्याच्यासाठी लागला."

सगळ्या कुळाच्या बुडाशी एक जावई निघाला होता.

"बिचारा," शेमफांगला राहवलं नाही. "त्यालाही लोकाचं लेकरू म्हणत असतील."

मामांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. म्हातारा हट्टी होता, पण दिला शब्द फिरवणारा नव्हता. वाकून त्यांनी दगडावरचं शेवाळ हातानं पुसलं, तळाशी असलेल्या त्या माणसाला हात जोडले आणि सुपारीची पिशवी सोडली.

सवयीनं शेमफांगनं हात पुढे केला. मामांनी अख्खी पिशवीच त्या हातावर ठेवली आणि आपला तळवा त्याच्यासमोर पसरला.

"आज तू वाट, शेमफांग," ते म्हणाले. "पाहुण्याला आधी."