हॉलिस पीत नाही

“म्हणजे माझा मुलगा बेवडा नाही, म्हणून त्यानं आत वर्षभर जास्त काढायचं?” ओपलनं विचारलं. एवढ्या मोठ्यानं, की तुरुंगाच्या भेटीच्या हॉलमधली दोन-चार टेबलं वळून बघायला लागली.

“हळू बोल, आई,” हॉलिस म्हणाला.

“का हळू? मी काय चोरी केलीय?”

चोरी हॉलिसनं केली होती. रस्त्याच्या कामाची खोटी बिलं सरकारला लावली म्हणून फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाच्या जज्जानं त्याला पाच वर्षं दिली होती. फेडरल तुरुंगात पॅरोल-बिरोल काही नसतं. नीट वागलं की थोडे दिवस सुटतात, आणि दारू सोडवायचा वर्ग पुरा केला की जवळजवळ एक वर्ष. त्या वर्गावर सगळे टपलेले असतात. जन्मात कॉफीपलीकडे न गेलेलेसुद्धा आपण कसे गटारात लोळायचो ते रंगवून सांगतात.

हे ओपलला आज सकाळी बाहेरच्या रांगेत डॉटीकडून कळलं. डॉटीचा मुलगा त्याच वर्गातून नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी चालला होता, वर्ष आधीच. “तुमचा पीत नव्हता? अगंबाई, मग कठीण आहे,” डॉटी हळहळली होती. चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धडे देण्यात ओपलचा जन्म गेलेला. आज तिला पहिल्यांदा एका दारुड्याच्या आईचा हेवा वाटला.

“तू अर्ज तरी केलास का?”

“केला. नाही म्हणाले. अटकेआधी पीत होतो असं कोर्टाच्या चौकशीत यायला हवं होतं. माझ्या चौकशीत उलटं आलंय.”

उलटं कसं आलं, ते दोघांनाही ठाऊक होतं. शिक्षेआधी कोर्टाचा माणूस चौकशीला त्यांच्या घरी आला होता. ओपलनं त्याला पीचचा केक खाऊ घातला. दारू पितोस का, असं त्यानं विचारलं, तेव्हा हॉलिस म्हणाला, “नाही, सर.” लगेच ओपल म्हणाली, “माझ्या घरात थेंब आलेला नाही. हॉलिस पीत नाही. लिहून घ्या.” त्यानं लिहून घेतलं.

हॉलिस तर रोज प्यायचा. वकिलानंही बजावलं होतं, बाबा रे, खरं सांग, त्यात तुझाच फायदा आहे. पण आई शेजारी बसलेली. बावन्न वर्षांचा बाप्या, सरकारला लुबाडताना हात थरथरला नाही, आणि आईसमोर ‘पितो’ म्हणायला जीभ रेटेना. आता बसलाय भोगत.

ओपलनं मान जराशी वळवून त्याच्याकडे बघितलं. समोरचं तिला हल्ली दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. पुढच्या वर्षापर्यंत माणसांची तोंडं ओळखू येणार नाहीत, असं डॉक्टरनं सांगितलंय. तू घरी येशील तेव्हा दारातून आत येताना मला दिसायला हवास, एवढंच तिचं मागणं होतं. हॉलमधल्या खाण्याच्या मशीनमधून तिनं घेऊन दिलेला बर्गर त्याच्यापुढे तसाच निवत पडला होता.

“मग मी सांगते,” ती म्हणाली.

“काय सांगतेस?”

“तू पीत होतास म्हणून. त्या माणसाला फोन करते. म्हणाला तर शपथेवर सांगते. आयुष्यात एक खोटं बोलले तर देव काही मला नरकात घालत नाही.”

ते खोटं नाही गं, एवढंच हॉलिसला म्हणायचं होतं. तेवढंही जमेना. तो केचपची पुडी दाबत बसला.

“कसं सांगते ते ऐक. काही राहिलं तर सांग.” ती खुर्चीत ताठ बसली. “सर, माझा मुलगा हॉलिस दारू पितो. रोज पितो. कामावरून येताना लाकडाच्या वखारीमागे गाडी लावतो आणि तिथंच पितो. घरी आला की आधी दोन-दोनदा दात घासतो, मग माझ्या गालाचा पापा घेतो. रिकाम्या बाटल्या कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात लपवतो, अगदी तळाशी. पिंप भरायला आलं की मी त्या काढून गावाबाहेरच्या कचऱ्यात टाकून येते.” ती थांबली. “पटेल ना त्याला?”

इतकी वर्षं झाली, पिंप कधी भरत कसं नाही, हा प्रश्न हॉलिसला एकदाही पडला नव्हता.

“आता नाही चालत, आई.” त्यानं केचपची पुडी बाजूला सारली. “त्या दिवशी जे सांगितलं तेच धरतात. सगळं माहीत होतं तर त्या दिवशी का नाही बोललीस?”

ओपलनं हात पुढे करून चाचपत त्याचं मनगट धरलं.

“त्यानं आधी तुला विचारलं, हॉलिस. तू माझ्याकडे बघितलंस, आणि नाही म्हणालास. मला वाटलं, पोराला अजून आपल्यापुढे लाज वाटते. तेवढी तरी राहू दे.”