आठ मिलिमीटर

पडद्यावरची, आखणी किती झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचली होती. काल ती सत्त्याण्णववर अडली होती.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात, त्या काचेच्या पेटीचा हा सर्किट बोर्ड ती नवऱ्याच्या कंपनीसाठी आखत होती. सॉफ्टवेअरनं आपोआप आखलेल्या तांब्याच्या रेषा तिनं मोठ्या करून पाहिल्या. प्लगमधून येणाऱ्या विजेची रेषा बाळाच्या अंगाला लावायच्या सेन्सरच्या रेषेला जवळजवळ खेटून गेली होती. बाळाला शॉक बसू नये म्हणून मध्ये आठ मिलिमीटर जागा सोडायचा नियम तिनंच घातला होता.

“तो नियम मी काढला,” मागं उभा असलेला नवरा म्हणाला. “त्याशिवाय रेषा बसेनात. अगं, एवढं मोजतंय कोण?”

“मी. हा बोर्ड बाहेर जाणार नाही.” मग दोन वर्षं ओठांवरून परत फिरलेलं वाक्य ती बोलली. “आणि तुझी कंपनी मी सोडतेय.”