तारे जन्मतात तिथला कापूस

"कलीमभाऊ, मले हे असं बनवून पाहिजे," म्हणत शाळेतल्या राठोड मॅडमनी एक फोटो पुढे धरला.

पांढरकवड्याच्या कलीम पिंजाऱ्याकडे लोक गादी, उशी, फार तर लोड मागायला यायचे. या फोटोत गुलाबी-निळा धूर होता आणि धुरात ठिणग्या.

"कापसाच्या जिनिंगले आग लागली काय?"

"नाही हो! तेजोमेघ हाय. अंतराळातल्या दुर्बिणीनं टिपलेला. वायू न् धुळीचा ढग. तो गोळा होतो, तापतो न् त्यातून तारे जन्मतात. शाळेच्या प्रदर्शनात टांगायचा हाय."

कलीम फोटोकडे बघतच राहिला. "म्हंजे वर बी कोनी पिंजून राह्यला म्हना की!"

काम तर अंगावर घेतलं, पण कापूस आणायचा कुठून? यंदा बोंडअळीनं पार वाट लावली होती. बाजारात येई तो सगळा पिवळा, डागाळलेला, कवडी कापूस. त्याच्यावर रंग चढवला की नुसता चिखल. पांढराशुभ्र कापूस घरात एकाच ठिकाणी होता आणि तिथे हात घालायची त्याची छाती होत नव्हती.

पलंगाखालच्या पेटीत एक इवलीशी गादी होती. पहिलं लेकरू यायचं म्हणजे बापानं स्वतः कापूस पिंजून त्याची गादी भरायची, अशी त्यांच्या घरची रीत. कलीमनं निवडून निवडून भरली होती. लेकरू तिच्यावर झोपायला राहिलंच नाही. त्यानंतर नवरा-बायकोत तिचा विषय कधी निघाला नाही. हलीमा दर जुम्म्याला पेटी तेवढी पुसायची. तिच्या जिवासाठी ही गादी जपायची, असं कलीमनं मनाशी धरलं होतं. ती घरात नसली की तो पेटी उघडून बघायचा, वाळवी तर लागली नाही ना म्हणून.

फोटोनं मात्र त्याची झोप उडवली. तारे जन्मतात तिथं आपल्या लेकराचा कापूस लागला, तर त्यात वाईट काय?

हलीमा बहिणीकडे उमरखेडला गेली तशी त्यानं गादी उसवली. पिंजताना डोळे वाहत होते, हात चालत होते. कापसात कचरा बराच निघाला. इतकी वर्षं पडून राहिल्यावर निघणारच, म्हणत त्यानं तो वेचला. खोळीत कवडी कापूस भरून गादी होती तशी शिवून ठेवली.

प्रदर्शनात खिडक्यांना चादरी लावून वर्ग अंधारा केला होता. छताखाली गुलाबी-निळा ढग तरंगत होता आणि त्याच्या पोटात बारके दिवे उजळत होते. बायका लेकरांना उचलून दाखवत होत्या. कलीमला वाटलं, आपण आजवर एवढं सुंदर काही केलं नाही.

हलीमाही आली. ढगाखाली बराच वेळ उभी राहिली. मग हात वर करून तिनं कडेचा कापूस चिमटीत धरला. पिंजाऱ्याची बायको ती.

"हा पेटीतला ना?"

"हलीमा, आयक तर..."

"भेता काहून?" तिचे डोळे भरले होते. "तुमी भरली ती गादी मी तवाच शेजारच्या धावजीच्या लेकराले देऊन टाकली, थंडीनं काकडून राह्यलं होतं. तुमी चोरून चोरून पेटी पायत होते, म्हनून तुमच्यासाठी दुसरी शिवून ठेवलती."